गट नंबर १२/३ आणि बारा मार्च

गेवराईच्या एखाद्या शेतकऱ्याचा गट नंबर १२/३ आहे असं समजा. सेवा केंद्रातल्या मुलाने तो एक्सेलच्या रकान्यात टाकून एंटर दाबलं, की जमिनीची तारीख होते: बारा मार्च. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल तर तीन डिसेंबर! फाइल सेव्ह झाली की मूळ १२/३ गेलंच. मागे उरतो तारखेचा हिशेबी आकडा. सातबारा हे नावच ७/१२ असलेल्या राज्यात याची धास्ती असायला हवी. बँक खात्याचंही तेच. सुरुवातीची शून्यं एक्सेल गिळतो आणि आकडे पंधराच्या पुढे गेले, की पुढच्या प्रत्येकाचं शून्य करतो. म्हणून ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही, तो रकाना भरण्याआधीच ‘टेक्स्ट’ करावा. तारखांच्या या खोडीला कंटाळून जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने २०२० मध्ये काही जनुकांची नावंच बदलली. आपल्याला गट नंबर बदलण्याची सोय नाही.

नावांचा घोळ याहून मोठा. गेवराईच्या बीड जिल्ह्याला लागून सहा जिल्हे आहेत. त्यांतल्या औरंगाबाद आणि उस्मानाबादची नावं २०२३ मध्ये बदलली, अहमदनगरचं २०२४ मध्ये. ज्याने डेटाबेसमध्ये जिल्ह्याचं नाव हीच ओळख धरली, त्याचे जुने-नवे अहवाल जुळेनात. ज्याने सरकारी कोड धरला, त्याला एका तक्त्यातली एक ओळ बदलावी लागली. २०११ च्या जनगणनेत बीडचा कोड ५२३ आहे. इंग्रजीत कुणी डबल ‘ई’ लावो, कुणी ‘आय’, कोडला फरक पडत नाही. जिल्ह्यातही अंबाजोगाईला कुणी अंबेजोगाई लिहितं, आणि जुन्या कागदांत ती मोमिनाबाद असते.

आडनावांत तर डोळ्यांनाही दिसत नाही अशी गंमत आहे. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ्ह एक कीबोर्ड ऱ या स्वतंत्र अक्षरापासून बनवतो, दुसरा साध्या र ला हलंत आणि पुढे एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखेच. शोध घेतला तर संगणक म्हणतो, असा खातेदार नाही. युनिकोडचं नेहमीचं प्रमाणीकरण इथे पुरत नाही. नाव साठवताना आणि शोधताना दोन्ही वेळा ते जोडचिन्ह ओळखून एकाच रूपात आणणारा कोड आपल्यालाच लिहावा लागतो.

आता रेंज. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पीक बांधावरून नोंदवायचं असतं, आणि रेंज बांधाला विचारून येत नाही. माहिती फोनमध्ये साठवून नंतर पाठवण्याची सोय अशा ॲपला लागतेच. खरी मेख पुढे आहे: नोंद सर्व्हरला पोचली, पण ‘मिळाली’ हा निरोप परतताना रेंज गेली. फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो आणि एका शेतात दोनदा सोयाबीन उगवतं. उपाय सोपा आहे, पण तो पहिल्या दिवसापासून हवा: प्रत्येक नोंदीला फोनमध्येच वेगळा क्रमांक द्यायचा आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला, तर सर्व्हरने नवी नोंद न करता ‘मिळाली’ एवढंच पुन्हा सांगायचं.

पुण्यातल्या ऑफिसच्या वायफायवर ही चूक कधीच सापडत नाही. ती शोधायची तर सबमिट दाबून लगेच फोन फ्लाइट मोडवर टाकायचा, थोड्या वेळाने काढायचा आणि सर्व्हरवरच्या नोंदी मोजायच्या.