वाळूतले सोने येते कोठून?



झारखंडमधील सुवर्णरेखा नदीच्या काठी काही आदिवासी कुटुंबे वाळू धुऊन सोन्याचे कण वेचतात. दिवसभर पाण्यात उभे राहिल्यावर तांदळाच्या दाण्याहून लहान असे कण हाती लागतात. आपल्या पूर्व विदर्भातील सोनझारी समाजाची ओळखही याच कामावरून आहे. हे सोने नदीत येते कोठून, हे समजून घेऊ या.

सुवर्णरेखेच्या खोऱ्यात, सिंहभूम भागात, सुमारे २०० किलोमीटर लांबीचा धनुष्यासारखा वाकलेला एक पट्टा आहे. फार प्राचीन काळी येथे खडकांचे दोन प्रचंड भाग एकमेकांना घासत सरकले. मधला खडक चिरडला, ताणला गेला, त्यात असंख्य भेगा पडल्या. अशा पट्ट्याला ‘शिअर झोन’ म्हणतात.

सोने साऱ्याच खडकांत असते, पण हजार टनांत जेमतेम काही ग्रॅम. जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल असलेले अतिशय गरम पाणी गंधकाच्या मदतीने ते विरघळवून घेते आणि या भेगांतून वर चढते. भूकंपाने भेग एकाएकी उघडली की दाब उतरतो, पाण्याची सोने धरून ठेवण्याची शक्ती कमी होते, आणि गारगोटीबरोबर सोने तेथेच साचते. भेग बुजते, दाब वाढतो, ती पुन्हा फुटते. असे असंख्य वेळा घडून गारगोटीची पांढरी शीर तयार होते. कर्नाटकातील कोलार व हट्टी येथील सोने याच प्रकारचे आहे.

पुढे ऊन-पावसाने खडक झिजतो. सोने गंजत नाही आणि पाण्याहून सुमारे एकोणीस पट जड असते, म्हणून नदीच्या वळणावर, वाळूच्या तळाशी ते बसते.

पण वाळूत कण सापडला म्हणजे शेताखाली खाण आहे, असे नव्हे. शीर कोठे हातभर रुंद, कोठे बोटभर, तर कोठे नाहीशीच होते. अनेक ठिकाणी खोल छिद्रे पाडून नमुने तपासल्याशिवाय काहीच सांगता येत नाही. कोलारची खाण तीन किलोमीटरहून खोल गेली, २००१ साली बंद पडली आणि मागे सायनाइडमिश्रित मातीचे डोंगर राहिले.

तेव्हा “तुमच्या जमिनीत सोने आहे” असे सांगून कोणी कागदावर अंगठा मागितला, तर घाई करू नये. तपासणी कोणी केली, कागदात काय लिहिले आहे, हे आधी विचारावे. १९९६ च्या पेसा कायद्यानुसार अनुसूचित क्षेत्रात भूसंपादनापूर्वी ग्रामसभेशी किंवा पंचायतीशी विचारविनिमय करावा लागतो. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत वनजमीन कसणाऱ्याला तेथून हटवता येत नाही. सोन्याची शीर एक दिवस संपते. जमीन मात्र नातवंडांनाही पोसते.