डब्या बोलून नव्हे, ऐकून थकतात!

शेतीच्या प्रदर्शनात हल्ली एक डबी दाखवतात. तळहाताएवढी, वर बोटभर काठी, खालून दोन वायरी मातीत गेलेल्या. विकणारा सांगतो, "मुळाशी ओल किती, पान किती तास ओलं राहिलं, सगळं घरबसल्या मोबाइलवर! वीज नको, लांब वायर नको, दोन पेन्सिल सेलवर वर्षभर." शेतकरी बंधूंनो, यात खोटे काही नाही. पण ते दोन सेल वर्षभर कसे पुरतात, हे कळल्याशिवाय खिशात हात घालू नका. सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनीही हे वाचावे. गावच्या टाकीची पातळी मोजायलाही हेच तंत्र वापरतात, आणि तिथे पैसा गावाचा असतो.

आधी जाळे म्हणजे काय ते पाहू. स्लॅब टाकायच्या दिवशी घमेली कशी वर जातात? एकच गडी खालून वरपर्यंत धावत नाही. रांग लागते आणि घमेले हातोहात सरकते. या डब्यांचेही तसेच. प्रत्येक डबीत एक मोजणारा भाग, म्हणजे सेन्सर, आणि एक लहानसा रेडिओ. आवाज मुद्दाम बारीक ठेवलेला, कारण मोठ्याने ओरडायला सेल जास्त खर्ची पडतो. म्हणून बांधाच्या टोकाची डबी आपला निरोप शेजारणीला देते, ती पुढचीला, असे करत निरोप मोटारीच्या खोलीतल्या मोठ्या पेटीपर्यंत पोचतो. या पेटीला गेटवे म्हणतात. तिला वीज असते, सिमकार्ड असते, आणि पुढचा प्रवास मोबाइलच्या टॉवरवरून होतो. मधली एखादी डबी बंद पडली तर निरोप दुसऱ्या शेजारणीकडून वळसा घालून जातो. रांग तुटते, पण जाळे सहसा तुटत नाही. इंग्रजीत याला 'मेश' म्हणतात ते याचसाठी.

आता सेलचा हिशेब. तुम्ही म्हणाल, बोलायला सेल जातो, गप्प बसायला कशाला जाईल? इथेच गोम आहे. अशा डब्यांमध्ये बरीच वापरली गेलेली 'सीसी २४२०' नावाची एक चिप घ्या. पूर्ण जोराने बोलताना ती सुमारे १७.४ मिलिॲम्पिअर प्रवाह ओढते, आणि नुसती कान देऊन ऐकताना १८.८! म्हणजे शेजारणीचा निरोप कधी येईल म्हणून ताटकळत बसणे हे बोलण्यापेक्षाही महाग. चांगल्या पेन्सिल सेलची जोडी दोन हजार मिलिॲम्पिअर-तास धरा. रेडिओ सतत चालू ठेवला तर शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत, खेळ खलास. तोच रेडिओ शंभरातला एकच भाग वेळ जागा ठेवला, म्हणजे दिवसाकाठी साधारण चौदा मिनिटे, तर ती जोडी वर्षभर ओढते. झोपलेली डबी जवळजवळ काहीच खात नाही. सगळी करामत आहे ती झोपेची.

पण सगळ्याच झोपल्या तर निरोप घ्यायचा कोणी? याला उत्तर आपल्या कालव्यावरच्या शेजपाळीसारखे आहे. प्रत्येकीची वेळ ठरलेली. अमुक क्षणी ही बोलणार, तिची शेजारीण तेव्हाच जागी होणार, घेणार, पुन्हा झोपणार. त्यासाठी सगळ्यांची घड्याळे जुळलेली हवीत. साध्या डबीतले घड्याळ दिवसाला दीड-दोन सेकंद इकडेतिकडे होऊ शकते आणि ऊन-थंडीने त्यात भर पडते. पाळीच चुकली तर पाणी मिळेल का? म्हणून या डब्या अधूनमधून आपापसांत घड्याळ लावून घेतात. ज्या यंत्रणेत हे नीट होत नाही तिचे सेल बघता बघता संपतात.

आणखी एक. गेटवेजवळच्या डब्यांवर सगळ्या शिवाराचे निरोप येऊन पडतात. त्यांना जागावे जास्त लागते, म्हणून त्याच आधी थकतात. त्या गेल्या की मागच्या पन्नास डब्या धडधाकट असूनही मुक्या. तेव्हा सेल बदलताना सुरुवात मोटारीच्या खोलीकडून करा, बांधाकडून नव्हे.

निरोप गळण्याचाही हिशेब करून बघा. दर टप्प्याला शंभरातले नव्वद पोचतात असे धरले, तर पाच टप्प्यांनंतर उरतात एकोणसाठच. म्हणून प्रत्येक टप्प्यावर पोचपावती लागते. पावती आली नाही तर निरोप पुन्हा धाडायचा. पुन्हा धाडणे म्हणजे पुन्हा जागणे, आणि जागणे म्हणजे सेल.

हे सगळे पुस्तकी वाटत असेल तर हॉलंडचे उदाहरण घ्या. तिथे २००५ च्या सुमारास बोर्गर गावाजवळ बटाट्याच्या शेतात शंभराहून थोड्या जास्त डब्या लावल्या होत्या. हेतू आपल्याला पटेल असाच. पिकातली हवा किती दमट आहे हे कळले की करपा कधी येणार याचा अंदाज येतो आणि फुकटची फवारणी वाचते. करणारे लोक विद्यापीठातले, जाणकार. तरी काय झाले? एका टप्प्यावर डब्यांत दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांचे प्रोग्रॅम भरले गेले. मग त्या एकमेकींना आपलाच प्रोग्रॅम देत बसल्या आणि चार दिवसांत सेल रिकामे! वरचा आपला चार दिवसांचा हिशेब आठवतो ना? पुढच्या खेपेला अपेक्षित माहितीपैकी हाती आली ती फक्त दोन टक्के. त्यांनी आपल्या अहवालात हे सारे मोकळेपणाने लिहिले, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात असले काही सापडत नाही.

पिकाचाही रेडिओला अडथळा होतो. पानात पाणी असते आणि पाणी या लहरी शोषून घेते. आडसाली उसाच्या लागणीच्या वेळी रान मोकळे असते, तेव्हा डब्या छान बोलतात. तोच ऊस डोक्यावर गेला की अंतर निम्म्यावरही येऊ शकते. काठी पिकाच्या वर राहील अशी आधीच उंच लावा. द्राक्षबागेत मंडपाच्या वर रेडिओ आणि पानांच्या उंचीवर सेन्सर, अशी फोड करता येते. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनीच्या भीतीने फवारणाऱ्या बागायतदाराला पान किती तास ओले राहिले हा आकडा खरोखर मोलाचा आहे, पण तो वेळेवर आला तर! परवा रात्रीचा ओलावा आज दुपारी कळून काय करायचे?

शिवारात दोन-तीनच ठिकाणी मोजायचे असेल तर जाळ्याच्या भानगडीत पडूच नये, असे आमचे मत आहे. 'लोरा' नावाच्या रेडिओचा निरोप मोकळ्या रानात मैल-दोन मैलांवरच्या पेटीकडे थेट जातो, मध्ये शेजारीण लागत नाही. ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ठरावीक शक्तीपर्यंत आपल्याकडे परवानाही लागत नाही. जाळे शोभते ते डब्या दाट असतील तिथे.

घ्यायचेच ठरले तर विकणाऱ्याला किंमत नंतर विचारा. आधी विचारा, रेडिओ दिवसातून किती मिनिटे जागा असतो? सेलची पातळी मोबाइलवर दिसते का? पीक पूर्ण वाढलेल्या शेतात चालणारा संच दाखवता का? रिकाम्या हॉलमधला नको. गावासाठी घेत असाल तर ठरावातच लिहून घ्या की सेल कोण बदलणार, कोणत्या महिन्यात आणि पैसे कोणत्या खात्यातून. प्रत्येक डबीवर सेल घातल्याची तारीख खडूने नव्हे, ऑइलपेंटने लिहा. खडू पहिल्या पावसात जातो.