प्रश्न कामाचा नव्हे, परपीडेचा

वाजीकरणाची चौकशी करण्यास येणारा तरुण पुष्कळदा स्वतःच्या शरीराविषयी कमी आणि भ्रमणध्वनीवर पाहिलेल्या चित्रफितींविषयी अधिक बोलतो. ‘नाही’ म्हणणारी स्त्री अखेरीस राजी होतेच, हा पाठही त्याने तेथूनच घेतलेला असतो. म्हणून अश्लील चित्रफिती आणि स्त्रियांवरील अत्याचार यांचा संबंध हा केवळ पोलिसांचा विषय नसून आपल्या चिकित्सालयाचाही आहे.

डेन्मार्कने १९६९ साली अश्लील चित्रांवरील बंदी उठविली; त्यामुळे तेथे बलात्कार वाढल्याचे अभ्यासक बेर्ल कुचिन्स्की यांना आढळले नाही. मात्र २०१० साली हाल्ड, मॅलमथ व युएन यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा अशी दृश्ये पाहणे आणि स्त्रीवरील हिंसेला अनुकूल मते असणे यांत संबंध दिसला. हिंसक दृश्यांबाबत तो अधिक दृढ होता. आक्रमक वृत्ती मुळातच असलेल्या पुरुषांत हा धोका विशेष, असे मॅलमथ यांचे प्रतिपादन आहे. आपल्या परिभाषेत, हा हेतू एकटाच व्याधी उत्पन्न करीत नाही. क्षेत्रही अनुकूल असावे लागते.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात शुक्राचा वेग अधारणीय मानला. परंतु परपीडा करणारी देहप्रवृत्ती, मग ती स्त्रीभोगाची असो, चोरीची असो वा हिंसेची, आवरावी असे सांगितले. दोष कामात नाही, दुसऱ्याच्या पीडेत आहे.

आपल्या जिल्ह्यातील मुरुडच्या कर्वे घराण्यातील रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक ज्ञान दिले; स्त्रीच्याही कामसुखाचा हक्क मांडला. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली, तरीही दंड झाला. ज्ञानाची जागा रिकामी ठेवली की ती तशी राहत नाही. आज ती चित्रफितींनी व्यापली आहे.

तेव्हा औषधविक्रेत्या बंधूंनी आपली दर्शनी भिंत एकदा पाहावी. कामशक्तिवर्धनाचा दावा करणारी औषधांची जाहिरात १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहे. तीवरील स्त्रीचे चित्र चित्रफितीचाच धडा गिरवीत असते. वैद्यांनी वाजीकरण ‘आत्मवान्’ पुरुषासाठी आहे हे ध्यानी ठेवावे आणि योग लिहिण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘तुमच्या पत्नीची इच्छा काय आहे, हे तुम्ही तिला विचारले आहे काय?’