एटीकेटी लागली म्हणून शिक्षण थांबवू नका

बारावीचा निकाल लागला की घरात मिठाई येते, मोहल्ल्यात वाटली जाते. आठ-नऊ महिन्यांनी पदवीच्या पहिल्या सत्राचा निकाल लागतो, तो मात्र बहुतेक वेळा मुलाच्या मोबाईलवरच राहतो. दोन-तीन विषय राहिलेले असतात. मुलगा गप्प होतो, ‘आज तास नाहीत’ म्हणत घरी थांबू लागतो. मुलगी असेल तर पुस्तके कपाटात जातात आणि स्वयंपाकघरातला वेळ वाढतो. अम्मी-अब्बांना खरे काय ते कळेपर्यंत पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरण्याची तारीख निघून गेलेली असते. मग मुलासाठी एखादे गॅरेज किंवा दुकान पाहिले जाते आणि मुलीसाठी स्थळ.

शिक्षण सुटते ते या गप्प राहण्याच्या महिन्या-दोन महिन्यांत. आणि हे दिवस सांभाळणे बऱ्याच अंशी घराच्या हाती असते.

पहिल्याच वर्षी असे का होते?

हिंगोली जिल्ह्यातल्या कळमनुरी तालुक्यातले डोंगरकडा घ्या. नांदेड-हिंगोली रस्त्यावरचे केळी आणि हळद पिकवणारे गाव. इथली मुले पदवीसाठी अर्धापूर, नांदेड, आखाडा बाळापूर, कळमनुरी किंवा हिंगोली गाठतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेतला हा भाग. दहावीपर्यंत मुलगी मराठी किंवा उर्दूत शिकलेली असते. विज्ञान शाखेत गेली की व्याख्यान, पुस्तक आणि प्रश्नपत्रिका बहुधा इंग्रजीत समोर येते. कालपर्यंत ‘हुशार’ म्हणून ओळखली जाणारी मुलगी वर्गात तोंड उघडेनाशी होते.

दुसरा बदल अभ्यासक्रमाचा. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले. आता प्रत्येक सत्राला साधारण २२ क्रेडिट असतात आणि त्यांत मुख्य विषय, खुला विषय, कौशल्य, भाषा असे अनेक छोटे-मोठे विषय येतात. कोणत्या विषयाची लेखी परीक्षा, कोणत्याचे प्रकल्प आणि कोणत्याचे अंतर्गत गुण, हे समजेपर्यंत सत्र संपत आलेले असते. कित्येक मुले अभ्यासात कमी पडण्याआधी वेळेवर काही जमा न केल्यामुळेच मागे पडतात.

तिसरा बदल साधा, पण खिशाला लागणारा आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत एसटीचा मोफत पास मिळतो, तो बारावीपर्यंत. पदवीला गेल्यावर पास काढावा लागतो. विद्यार्थी मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत आहे, म्हणजे एक तृतीयांश भाडे भरावे लागते. हे माहीत नसल्यामुळे रोज तिकीट काढणारी आणि पैसे नसले की दांडी मारणारी मुले आहेत. मुलगी कॉलेजला जाणे टाळते आहे असे वाटले, तर आधी पासाची चौकशी करा.

एटीकेटीचा अर्थ

एटीकेटी म्हणजे ‘अलाउड टू कीप टर्म्स’. विषय राहिले असले तरी पुढचे सत्र चालू ठेवण्याची परवानगी. आपल्या घरांत हा शब्द नापास या अर्थाने वापरला जातो, पण त्यात शिक्षण थांबवण्याचा कुठेही उल्लेख नाही. पहिल्या सत्रातले विषय राहिले तरी सर्वसाधारणपणे दुसऱ्या सत्राला बसता येते. दुसऱ्या वर्षात जाताना किती क्रेडिट हवीत, याची अट अभ्यासक्रमानुसार असते. ती कार्यालयात विचारून कागदावर लिहून घ्या. जे विषय सुटले त्यांची क्रेडिट विद्यार्थ्याच्या नावावर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात. ती मेहनत वाया जात नाही.

म्हणून निकालानंतर पहिले काम एकच. दुसऱ्या सत्राचा आणि राहिलेल्या विषयांचा परीक्षा फॉर्म वेळेत भरणे. गुण वाढवण्याची चिंता त्यानंतरची. नाव नोंदलेले राहिले तर अभ्यास भरून काढता येतो. नाव तुटले तर शिष्यवृत्तीचे नूतनीकरण, पास, ग्रंथालय असे सगळेच अवघड होत जाते.

एकटा बसणारा मागे पडतो

मूल नापास झाले की कारण म्हणून आपण त्याच्या डोक्याकडे किंवा घरच्या गरिबीकडे बोट दाखवतो. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातही असेच अंदाज होते. पहिल्या वर्षाच्या गणितात तिथले कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. ‘त्यांना इच्छाच नाही, पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही,’ असे अध्यापक सांगत. युरी ट्राइसमन यांनी २० कृष्णवर्णीय आणि २० चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास जवळून पाहिला. कृष्णवर्णीय मुले कष्टाळू होती, त्यांच्या आईवडिलांना शिक्षणाची कळकळ होती. फरक निघाला तो अभ्यासाच्या रीतीत. ही मुले एकटी अभ्यास करत. चिनी मुले आधी आपापला अभ्यास करून मग एकत्र बसत, एकमेकांची गणिते तपासत, अडले तिथे विचारत. आपली चूक एकट्याची आहे की सगळ्यांची, हे त्यांना लगेच कळे.

ट्राइसमन यांनी मग गटाने गणिते सोडवण्याचे वर्ग सुरू केले. तिथे सोपी नव्हे, अवघड गणिते दिली जात. त्या वर्गांतल्या मुलांचे निकाल ठळकपणे सुधारले.

आपल्याला ही रीत परकी नाही. हिफ्ज करणारी मुले उस्तादांना सबक सुनावण्याआधी एकमेकांना ऐकवतात. एकाची चूक दुसरा पकडतो, त्यात कोणाला लाज वाटत नाही. हीच सवय बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या अभ्यासाला लावायची आहे. तीन-चार मैत्रिणींनी आठवड्यातून दोनदा एका घरी बसावे. एकीने धडा आपल्या भाषेत समजावून सांगावा, बाकीच्यांनी प्रश्न विचारावेत. वर्गमैत्रीण दुसऱ्या समाजाची असेल तर तिलाही बोलवा, तिच्या घरी मुलीला जाऊ द्या. एसटीतला रोजचा वेळही या कामी येतो. मुलींच्या गटासाठी घरातली एक खोली दोन तास मोकळी करून देणे, चहा करून देणे, ही अम्मीची मोठीच मदत.

घराचे वेळापत्रक बदलावे लागेल

दुसरे सत्र म्हणजे डोंगरकडा भागात हळद काढण्याचे आणि शिजवण्याचे दिवस. सध्याच्या वर्षांत रमजानही फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. म्हणजे मुलाला शेतावर हाक आणि मुलीला इफ्तारच्या तयारीची, दोन्ही याच महिन्यांत. काम टाळता येत नाही हे खरे. पण कोणते दिवस कामाचे आणि कोणते कॉलेजचे, हे आधी ठरवता येते. प्रात्यक्षिक आणि अंतर्गत चाचणीच्या तारखा घरातल्या कॅलेंडरवर लिहा. त्या दिवशी शेतात किंवा स्वयंपाकघरात बोलवायचे नाही, असे सर्वांनी कबूल करा. रमजानात फजरनंतरचा तास शांत असतो, तो अभ्यासाला द्या. इफ्तारची कामे भावांनीही वाटून घ्यावीत.

कॉलेजमध्ये काय विचाराल?

अब्बा, भाईजान किंवा शिकलेली एखादी खाला, कोणीही एकाने मुलासोबत कॉलेजात जावे. इंग्रजी येत नाही म्हणून संकोच करू नये. चार प्रश्न पुरेसे आहेत.

पहिला, मेंटर कोण? विद्यार्थ्यांचे गट करून प्रत्येक गटाला एक शिक्षक नेमल्याचे महाविद्यालयांना नॅक मूल्यांकनात दाखवावे लागते. त्या शिक्षकांचे नाव विचारून त्यांना भेटा.

दुसरा, गुण कुठे गेले? लेखी परीक्षेत की अंतर्गत मूल्यमापनात? उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांची मुदत निकालानंतर थोडेच दिवस असते.

तिसरा, उत्तरे कोणत्या भाषेत लिहिता येतात? अभ्यासक्रम इंग्रजी असला तरी स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवले आहे. आपल्या विषयाला ती सोय आहे का, हे विचारून घ्या.

चौथा, विषय झेपतच नसेल तर बदलता येतो का आणि कधी?

थांबावेच लागले तर

कधी आजारपण येते, कधी घराचा कर्ता माणूस जातो. अशा वेळीही न सांगता घरी बसू नका. नव्या धोरणात पहिल्या वर्षाची क्रेडिट आणि ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम पूर्ण केल्यास सर्टिफिकेट घेऊन थांबता येते आणि तीन वर्षांच्या आत परतही येता येते. काम करत शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून ती सोय देते.

केंद्र सरकारच्या उच्च शिक्षण पाहणीनुसार देशात उच्च शिक्षण घेणारे मुस्लिम विद्यार्थी २०१९-२० मध्ये सुमारे २१ लाख होते. २०२०-२१ मध्ये ते सुमारे १९ लाख २१ हजारांवर आले. इतकी मुले एका वर्षात कमी झाली, त्यांतले प्रत्येक मूल कोणत्या तरी घरातले होते.

तेव्हा या महिन्यात आपल्या घरातल्या, शेजारच्या, नात्यातल्या पहिल्या वर्षाच्या मुलामुलींना जवळ बसवा. ‘किती टक्के मिळाले?’ हे विचारू नका. ‘कोणता विषय जड जातोय, आणि परीक्षा फॉर्म भरला का?’ एवढेच विचारा.