रिपोर्ट नॉर्मल, तरी पोट दुखतंच

मासवडीचा रस्सा ओरपून शेजारी तृप्त ढेकर देतो आणि आपलं पोट मात्र तासाभरात फुगून कळा मारू लागतं. हे ज्याच्या वाट्याला वर्षानुवर्षं येतं, त्याची वाट जुन्नर-आंबेगावात जवळपास ठरलेली असते. आधी मेडिकलमधून पित्ताची गोळी, मग नारायणगावला किंवा मंचरला सोनोग्राफी, शेवटी पुण्यात एंडोस्कोपी. रिपोर्ट नॉर्मल. ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढं ऐकून माणूस घरी येतो.

दुखणं मात्र खरं असतं. आतड्याला जखम नाही, गाठ नाही, पण त्याचं काम आणि मेंदूशी चाललेली देवाणघेवाण बिघडलेली असते. असा सर्वांत परिचित विकार म्हणजे आयबीएस (इरिटेबल बाउल सिंड्रोम). 2016च्या ‘रोम-4’ निकषांनुसार त्याचं निदान मुख्यतः लक्षणांवरून होतं: आठवड्यातून सरासरी एकदा तरी पोटदुखी आणि तिच्यासोबत बदललेली शौचाची तऱ्हा. काहींना तो जुलाबाच्या एखाद्या जोरदार साथीनंतर जडतो. 1973 साली रिची नावाच्या संशोधकाने मोठ्या आतड्याच्या टोकाशी छोटा फुगा फुगवून पाहिला. ज्या ताणाने निरोगी माणसं क्वचितच कळवळली, त्याच ताणाने निम्म्याहून अधिक रुग्णांना दुखलं. म्हणजे वायू सगळ्यांनाच होतो, यांच्या नसांना तो जास्त बोचतो.

आता मासवडीकडे वळू. तिच्यातल्या कांदा-लसणात फ्रुक्टन नावाची शर्करासाखळी असते. ती तोडणारं विकर माणसाच्या आतड्यात नाही, त्यामुळे ती मोठ्या आतड्यात पोचते आणि तिथले जिवाणू तिचा वायू करतात. तिच्या बेसनातल्या काही शर्कराही याच वाटेने जातात. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठाने यावरून ‘लो-फॉडमॅप’ आहार बांधला: असे पदार्थ काही आठवडे बंद, मग एकेक करून परत. कायमचं पथ्य नव्हे. शिवाय फ्रुक्टन पाण्यात विरघळतं, तेलात नाही. लसूण तेलात परतून काढून टाकली तर स्वाद राहतो, त्रास टळतो. पातीचा हिरवा भागही बहुतेकांना सोसतो. कांद्याच्या मुलखात एवढी सवलत हवीच!

भीमाशंकरच्या डोंगरातले महादेव कोळी हिरडा गोळा करतात आणि आयुर्वेदात त्याला मोठा मान आहे. पण रोज हिरड्यासारखं रेचक घेऊन ‘पोट साफ’ करण्याचा हट्ट हा आयबीएसचा इलाज नव्हे. बद्धकोष्ठ असेल तर भरपूर पाण्याबरोबर इसबगोल बरं. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन या नैराश्यावरच्या औषधाची लहानशी मात्रा दिली, तर ‘मला वेड्याचं औषध दिलं’ म्हणून चिठ्ठी फाडू नका. ते नसांची वेदना कमी करतं. 2023 साली ब्रिटनमधल्या 463 रुग्णांवरच्या चाचणीत त्याचा फायदा दिसला.

मात्र वजन घटणं, शौचातून रक्त, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारी कळ किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर घरगुती पथ्य बाजूला ठेवा आणि आधी तपासणी करून घ्या. आतड्याचा क्षय आणि कर्करोगही सुरुवातीला साध्या पोटदुखीसारखेच वाटू शकतात.