वारा किती, गारवा किती?

मार्च संपत आला की आमच्या बारामतीत इलेक्ट्रिकच्या दुकानांपुढे कुलर ओळीने उभे राहतात. गेल्या काही उन्हाळ्यांत त्या ओळीत एक नवं पोर येऊन बसलं आहे. टेबलावर मावेल एवढा चौकोनी डबा, वर पाणी ओतायचं झाकण, आत स्पंजासारखी पट्टी, पुढे वीतभर पंखा आणि मागे मोबाइलच्या चार्जरला लावायची वायर. किंमत हजार-दीड हजार. मोबाइलवर त्याच्या जाहिराती पाहिल्या तर वाटावं, माथेरान पार्सलने घरी येतंय. 'दहा मिनिटांत खोली थंड', 'एसीला विसरा' असं बरंच काही.

हा डबा खरंच गार करतो का, हा प्रश्न मला माझ्यासाठी पडला नव्हता. इंदापूरला माझी खाला राहते. वय ऐंशीच्या पुढे. घर म्हणजे पत्र्याची एक खोली आणि पुढे पडवी. मावसभाऊ एमआयडीसीत रोजंदारीवर जातो, त्यामुळे भर दुपारी ती घरात एकटी असते. त्याने मला फोन करून विचारलं, "भाईजान, घेऊ का तो छोटा कुलर? दारं-खिडक्या बंद करून लावायचा म्हणे, एसीसारखा." दीड हजार रुपये म्हणजे त्याची तीन-चार दिवसांची मजुरी. पैशापेक्षाही मला त्या 'दारं बंद करून'ची धास्ती वाटली. मी म्हटलं, "थांब, आधी बघू." आमच्या शेजाऱ्यांनी असा डबा घेतलेला होता. तो आठवडाभरासाठी मागून आणला.

मी बी.ए. झालेला माणूस, त्यातून कविता लिहिणारा. पण भाचा शाळेत विज्ञान शिकवतो. त्याने दोन तापमापक, आर्द्रता दाखवणारं एक छोटं घड्याळ आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढीच सामग्री जमवली. त्याहून जास्त काही लागतही नाही.

मुळात पाण्याने गार होतं ते कसं? पाणी वाळतं, म्हणजे त्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला उष्णता लागते. ती उष्णता पाणी आजूबाजूला जे असेल त्याच्याकडून घेतं. माठ पाझरतो, त्याच्या अंगावरचं पाणी वाळतं आणि आतलं पाणी गार पडतं. वजू करून पंख्याखाली येऊन बसलं की हातपाय गार होतात, तेही याच कारणाने. ही उष्णता थोडीथोडकी नसते. एक लिटर पाणी हवेत वाळताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता शोषून घेतं. तेच एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला जेवढी आच लागते, तिच्या ही आठपट.

ही विद्या जुनीच आहे. आमच्या बारामतीत अठराव्या शतकात मोरोपंत राहत होते. इथले उन्हाळे त्यांनी कशाच्या बळावर काढले असतील? माठ, वाळ्याचे पडदे आणि कऱ्हेकाठचा संध्याकाळचा वारा, एवढंच असणार. अलीकडे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने त्याच तत्त्वावर शेतकऱ्यांसाठी शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला. विटांच्या दोन भिंती, मधल्या फटीत ओली वाळू, आणि आत भाजी. वीज लागत नाही आणि भाजी जास्त दिवस टिकते. तेव्हा पाण्याने गार होतं यात खोटं काहीच नाही. प्रश्न आहे तो किती गार होतं याचा.

त्यालाही एक मर्यादा आहे. तापमापकाच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पारा उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. हवामान खात्यात याला 'वेट बल्ब' तापमान म्हणतात, आपण ओल्या फडक्याचं तापमान म्हणू. कुठलाही कुलर, कितीही महागाचा असो, हवा याच्या खाली नेऊ शकत नाही. हवा कोरडी असेल तर हा आकडा बराच खाली असतो आणि दमट असेल तर वरच अडकतो.

आता आमच्या चाचणीकडे वळतो. एप्रिलचा शेवटचा आठवडा, दुपारचे तीन, बारामतीतलं आमचं स्लॅबचं घर. खोलीत ३८ अंश आणि ओल्या फडक्याचा आकडा २२. म्हणजे हवा चांगली कोरडी, कुलरसाठी याहून चांगला दिवस मिळणार नाही. डबा भरला, काट्यावर ठेवून वजन लिहून घेतलं आणि सुरू केला. डब्याच्या तोंडापासून एका वितेवर हवा ३३ अंश होती. पाच अंशांचा फरक म्हणजे लहान गोष्ट नव्हे, गालाला तो लगेच कळतो. हातभर अंतरावर ३६. तीन फुटांवर, जिथे माणसाची खाट असते, तिथे साडेसदतीस. आणि खोलीच्या कोपऱ्यात तासाभराने पाहिलं तर ३८ च. तिथला पारा जागचा हलला नव्हता.

मग भाच्याने डब्यातलं पाणी काढून टाकलं, पट्टी वाळवली आणि तोच डबा कोरडा चालवला. मला डोळे मिटून तीन फुटांवर बसवलं आणि पाण्याचा-बिनपाण्याचा असा पाच-सहा वेळा उलटसुलट खेळ केला. तेवढ्या अंतरावरून पाणी केव्हा आहे आणि केव्हा नाही, ते मला सांगता येईना. वितेवर मात्र प्रत्येक वेळी अचूक सांगितलं. म्हणजे खाटेवर जे बरं वाटत होतं, तो बहुतेक सगळा वाऱ्याचाच परिणाम होता. आणि वारा तर छताला टांगलेला पंखा कितीतरी जास्त देतो.

खरी गंमत पुढे आहे. तासाभरानंतर डबा पुन्हा काट्यावर ठेवला. ९० ग्रॅम पाणी उडालं होतं, अर्धा कप समजा. त्याचा हिशेब केला तर डब्याची थंडावा देण्याची शक्ती निघते सुमारे ६० वॉट. जुना पिवळा ६० वॉटचा बल्ब जेवढा तापायचा, तेवढीच उष्णता हा डबा खेचतो. आणि शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून किती उष्णता बाहेर पडते? सुमारे १०० वॉट. म्हणजे खोलीत मी एकटा बसलो, तरी माझ्या अंगातून निघणारी उष्णतासुद्धा या डब्याला पुरी खेचता येत नाही. छताची, भिंतींची, फ्रिजची उष्णता तर वेगळीच. एक टनाच्या एसीची शक्ती साडेतीन हजार वॉट असते. (हा 'टन' बर्फावरून आला. एक अमेरिकी टन, म्हणजे ९०७ किलो बर्फ दिवसभरात वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी एसीने खेचायची.) कुठे साडेतीन हजार, कुठे साठ!

पाण्यात बर्फ टाका, असं जाहिरातीत सांगतात. तेही करून पाहिलं. पाच-दहा मिनिटं हवा थोडी जास्त गार लागते, पुढे पहिल्यासारखीच. अर्धा किलो बर्फ वितळताना जेवढी उष्णता घेतो, तिच्या सातपट उष्णता तेवढंच पाणी वाळताना घेतं. आणि तो बर्फ तयार करताना फ्रिजने मागच्या जाळीतून त्याच घरात उष्णता सोडलेली असते, ती निराळीच. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात, वर वाटेत थोडी गळती.

तरी हा डबा अगदीच फसवा आहे, असं मी म्हणणार नाही. लिहायला-वाचायला टेबलाशी बसणाऱ्या एकट्या माणसाच्या तोंडासमोर वीतभर अंतरावर ठेवला, तर कोरड्या हवेत तो सुख देतो. फसवी आहे ती 'खोली थंड' ही भाषा.

मग डबा पिशवीत घालून आम्ही इंदापूरला निघालो. एसटी भवानीनगर, लासुर्णे करत जाते आणि इंदापूरच्या अलीकडे निमगाव केतकी लागतं. हे पानमळ्यांचं गाव. भर उन्हाळ्यात पानमळ्यात पाऊल टाकलं की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. वेलींची हजारो पानं दिवसभर पाणी हवेत सोडत असतात आणि वर सावलीही असते. गारव्याला किती पसरलेला ओला पृष्ठभाग लागतो, ते तिथे डोळ्यांना दिसतं. आमच्या डब्यातली पट्टी माझ्या तळहाताएवढी होती.

खालाच्या खोलीत दुपारी साडेएकेचाळीस अंश होते. पत्रा हात लावू देत नव्हता. दार बंद करून पाहण्याचा प्रयोग तिच्यावर करायचा नाही, हे आधीच ठरलं होतं. तिला शेजारच्या स्लॅबच्या घरी बसवलं आणि भाचा, मावसभाऊ व मी आत बसलो. दार लावलं, खिडकी लावली, डबा चालू. तासाभरात आर्द्रतेचा काटा २१ टक्क्यांवरून ३८ वर गेला. डब्याचं पाणी आणि आम्हा तिघांचा घाम, दोन्ही त्या बंद हवेत साठत गेलं. खोलीचं तापमान उतरलं नाहीच, उलट अर्धा अंश चढलं. ओल्या फडक्याचा आकडा २४ वरून तिशीला टेकला. डब्याच्या तोंडाशी सुरुवातीला ३६ अंशांची हवा येत होती, ती साडेअडतीसची येऊ लागली. अंगावरचा घाम वाळेनासा झाला आणि भाच्याने उठून दार उघडलं.

दार बंद करून कुलर लावण्यात धोका आहे तो हा. माणसाचं शरीर हासुद्धा एक माठच आहे, घाम वाळला तरच ते गार राहतं. भोवतीची हवा ओलाव्याने भरली की घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. म्हाताऱ्या माणसांना आधीच घाम कमी येतो, तहान कमी लागते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ माणसं गेली, ते आपण विसरलेलो नाही. विदर्भात उन्हाळ्यात पारा चढतो तेवढा तिथे चढलेला नव्हता. पण डोक्यावर ऊन होतं आणि हवा समुद्राकाठची, दमट. एसी खोलीतला ओलावा बाहेर काढतो, म्हणून दार बंद ठेवायचं. कुलर ओलावा आत टाकतो, म्हणून दार उघडं ठेवायचं. दोघांची रीत अगदी उलटी आहे.

दार आणि मागची खिडकी उघडी ठेवून डबा खालाच्या खाटेजवळ ठेवला. ती दहा मिनिटं बसली आणि म्हणाली, "बेटा, तोंडाला गार लागतंय, पण पाठ भाजतीच आहे." आमच्या सगळ्या आकड्यांपेक्षा हे वाक्य नेमकं होतं. मावसभावाने डबा घेण्याचा विचार सोडला.

त्याऐवजी आधी पत्र्याकडे पाहिलं. डाळिंबाच्या बागेवर घालतात ते शेडनेट पत्र्याच्या वर फूटभर अंतर सोडून ताणून बांधलं आणि पत्र्याला चुन्याचे दोन हात दिले. पुढच्या दुपारी खोलीचा आकडा तीन अंशांनी खाली होता, पाणीही नाही आणि वीजही नाही. मग एक वापरलेला खिडकीचा कुलर मिळाला. तो खिडकीच्या बाहेर बसवला, म्हणजे बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून आत येते आणि समोरच्या दाराने निघून जाते. असा कुलर तासाला चार-पाच लिटर पाणी उडवतो, डब्याच्या पन्नासपट. इंदापुरात उन्हाळ्यात पाण्याची ओढ असते, तेव्हा हाही खर्च धरायला हवा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी गवत पांढरं आणि टणक होतं, ते अधूनमधून बदलावं लागतं. टाकीतलं पाणी आठवड्यातून एकदा पूर्ण उपसून टाकी कोरडी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात.

आणि वीज गेली तर? तर ओला पंचा. मानेवर, दंडांवर, पावलांवर ओलं फडकं ठेवायचं आणि हातपंख्याने वारा घालायचा. डब्यातलं पाणी वाळताना हवेची उष्णता घेतं. अंगावरचं फडकं वाळताना सरळ अंगाची घेतं. तेच ९० ग्रॅम पाणी इथे कितीतरी जास्त कामाला येतं. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं असं आहे, की खोली ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा शरीराला गार करण्याऐवजी तापवतो. अशा वेळी कोरड्या पंख्याखाली म्हाताऱ्या माणसाला निजवू नये, अंग ओलं ठेवावं. ती असंबद्ध बोलू लागली, उठवून उठेना, अंग तापलं, तर अंगावर पाणी घालत १०८ ला फोन करायचा. हे मावसभावाने शेजारणीलाही सांगून ठेवलं आहे.

आषाढात तुकोबांची पालखी आमच्या बारामतीवरून इंदापूरकडे गेली, त्या आठवड्यात शेजाऱ्यांकडून तो डबा पुन्हा आणला. खोलीत ३१ अंश आणि ओल्या फडक्याचा आकडा २६. डब्याच्या तोंडाशी हवा साडेएकोणतीस, तासाभरात उडालेलं पाणी ३५ ग्रॅम. हे दोन आकडे कुणालाही घरी काढता येतात. साधा तापमापक आधी कोरडा पाहायचा, मग ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात पाहायचा. फरक बारा-पंधरा अंश असेल तर कुलरचा उपयोग आहे. चार-पाच असेल तर पाणी काढून नुसता पंखा चालवायचा. तापमापक नसेल तर घरातल्या माठाचं पाणी पिऊन बघा. ते गार लागलं तर कुलरमध्ये पाणी भरा, कोमट लागलं तर त्या दिवशी टाकी रिकामीच राहू द्या.