कोलेस्टेरॉल आणि करडईचे तेल

नांदेड-लातूरच्या काळ्या जमिनीत रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्यासोबत करडई घेण्याचा प्रघात जुना आहे. तिच्या तेलात कोलेस्टेरॉल नसते, असे नेहमी सांगितले जाते. हे खरे असले, तरी अपुरे आहे. कारण कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. मग करडईचा विशेष कोणता?

कोलेस्टेरॉल हा मेणासारखा पदार्थ होय. पित्ताच्या खड्यांत तो प्रथम आढळला, म्हणून ग्रीक भाषेतील ‘पित्त’ व ‘घन’ या अर्थांच्या शब्दांवरून त्यास हे नाव मिळाले. नाव रोगाशी जोडले गेले, तरी त्याच्यावाचून शरीर चालत नाही. प्रत्येक पेशीच्या आवरणास तो लागतो. पित्ताम्ले व कित्येक संप्रेरके त्यापासूनच बनतात. शरीर आपल्या गरजेचा बहुतेक भाग, विशेषतः यकृतात, स्वतःच तयार करते.

तेलाप्रमाणे कोलेस्टेरॉलही पाण्यात विरघळत नाही. म्हणून प्रथिनयुक्त कणांतून रक्तात त्याची ने-आण होते. एलडीएल कण ते पेशींकडे नेतात. एचडीएल कण जादा भाग यकृताकडे परत आणतात. एलडीएल फार काळ वाढलेले राहिल्यास रोहिण्यांच्या भिंतींत थर साचतो आणि हृदयविकार किंवा पक्षाघात ओढवू शकतो. ही वाढ बहुधा लक्षणांवाचूनच होते. ती रक्ततपासणीनेच कळते.

रक्तातील एलडीएल यकृत सतत टिपून घेत असते. आहारात संपृक्त स्निग्धांश वाढला, की हे कार्य मंदावते. करडईच्या रूढ वाणांच्या तेलात सुमारे 70 ते 75 टक्के लिनोलिक आम्ल असते व संपृक्त अंश अल्प असतो. तूप किंवा वनस्पती तुपाच्या जागी ते वापरल्यास एलडीएल घटते. हाच तिचा विशेष. मात्र याही तेलाच्या एका ग्रॅमात 9 कॅलरी असतात. आणि तळणीत पुन्हापुन्हा तापवल्यास ते लवकर बिघडते.

अंड्यात कोलेस्टेरॉल असते, म्हणून मुलास ते देऊ नये काय, असे पालक विचारतात. एका अंड्यात ते सुमारे 185 मिलिग्रॅम असते. परंतु बहुतेकांच्या रक्तातील प्रमाणावर आहारातील संपृक्त स्निग्धांशाचा परिणाम त्याहून अधिक होतो. ज्या घरी अंडी चालतात, तेथे निरोगी, वाढत्या मुलास या भीतीने त्यापासून वंचित ठेवू नये.

वर्गात पेलाभर पाण्यात थोडे तेल ढवळून दाखवावे. ते वर तरंगेल. त्यात रिठ्याचे पाणी घालून पुन्हा ढवळल्यास तेलाचे बारीक थेंब पाण्यात पसरतील. न विरघळणारा पदार्थ रक्तातून कसा वाहून नेला जातो, याची स्थूल कल्पना मुलांना यावरून येईल.